वीजघराची मधली भिंत

४ फेब्रुवारी

बारक्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच खणात टाकशील, म्हणून पत्ता दुसऱ्या बाईंच्या हातून लिहून घेतला आहे. त्या हल्ली माझ्याबरोबर मोजणीला येतात, तीन पायांचं लेसर यंत्र घेऊन. त्यांनी विचारलं, भावाचा पत्ता तुम्हाला लिहिता येत नाही का? मी म्हटलं, मला लिहिता येतो, त्याला वाचता येत नाही. तेव्हा सुरुवातच फसवणुकीने झाली आहे. आता फोडलंच आहेस तर पुढे वाच.

माफी मागायला लिहीत नाही, तसा गैरसमज नको. बातमी सांगायला लिहिते आहे. जुन्या छावणीतलं वीजघर पाडणार आहेत, वीस तारखेला. पाडण्याआधी त्याची शेवटची मोजणी करून नकाशा जपून ठेवायचा आहे, आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. मुख्य अभियंत्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, बाई, ती तर तुमचीच इमारत. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. त्रेसष्टाव्या वर्षी लोक मला गुडघ्यांबद्दल विचारतात, हे गृहस्थ भिंतींबद्दल विचारत होते.

आपला तो नकाशा अजून प्रशिक्षण संस्थेच्या वर्गात काचेत लावलेला आहे. माझ्या स्वतःच्या शिक्क्याचा पहिला नकाशा. गेली वीस वर्षं मी त्याच्याखाली उभी राहून शिकवते. वर्गात मी त्या मोजणीची गोष्ट सांगते, ती तू माझ्या तोंडून कधी ऐकलेली नाहीस. आई गेली तेव्हा आलास, तीन दिवस राहिलास आणि माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोललास. त्यालाही नऊ वर्षं झाली. म्हणून वर्गात सांगते तशीच इथे उतरवते.

बाबांची तीस मीटरची टेप. तिची टोकाची कडी तुटलेली, म्हणून आपण वर्षानुवर्षं शून्याऐवजी एक मीटरच्या खुणेवर धरायचो. टोक धरणारा तू, आकडा वाचणारी मी. तू 'एकावर' असं पुकारायचास, मी मोजवहीच्या समासात १ लिहायची आणि आलेल्या मापातून एक मीटर वजा करायची. बाबांचा कायदा दोन कलमांचा. जे पुकारलं जाईल तेच लिहायचं. आणि मोजवहीला खोडरबर लावायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. चूक वाचता आली पाहिजे, असं ते म्हणायचे.

वीजघराच्या मोजणीआधी आठवडाभर तू टेपेला नवी कडी बसवून आणलीस. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळी मापं शून्यावर धरायची होती. सकाळचं पहिलं माप बाहेरच्या लांबीचं, अठरा मीटर चाळीस. मग आत गेलो. इंजिनाची खोली नऊ बासष्ट, बॅटऱ्यांची खोली सहा त्रेचाळीस. दोन्ही खोल्यांची दारं बाहेरून. मधल्या भिंतीला दार नाही, खिडकी नाही, त्यामुळे तिची जाडी मोजायची सोय नव्हती, ती वजाबाकीनेच काढायची होती. घरी येऊन वजाबाकी केली. कडेच्या भिंती पंचेचाळीस सेंटिमीटरच्या, आणि मधली निघाली एक मीटर पंचेचाळीस. दोन साध्या खोल्यांच्या मध्ये किल्ल्याची भिंत. मग मी डोकं चालवलं. टोक धरणाऱ्याच्या हाताला एकाची सवय. सकाळचं पहिलंच माप, त्याने सवयीने एकावर धरलं आणि पुकारायला विसरला, असं असलं तर? बाहेरच्या लांबीतून एक मीटर काढला आणि मधली भिंतही नेमकी पंचेचाळीसची झाली. वर्गात इथे मी जरा थांबते. मुलं माना डोलावतात. आमच्या धंद्यात अशा चुकीला आता 'भावाचा मीटर' म्हणतात. चेष्टेचा शब्द आहे, त्यात वाईट काही नाही.

तू तेव्हा म्हणाला होतास, परत जाऊ, परत मोजू. छावणीचा पास एका दिवसाचा होता, म्हणून मी नको म्हटलं. तू मोजवही मागितलीस. बाहेरच्या लांबीपुढचा समास कोरा होता. तू पुकारलं नव्हतंस, म्हणून मी लिहिलं नव्हतं. तू वही मिटून माझ्या हातात दिलीस आणि महिन्याभरात धंदाच सोडलास. एवढ्यावरून कोणी धंदा सोडतं का? कापडाच्या दुकानातली चांगली नोकरी चालून आली तर म्हणे तीही नाकारलीस, तिथेही मीटर लागतो म्हणून. शेवटी रोपवाटिका काढलीस.

असो. परवा सकाळी मोजणी आहे. टेप बाबांचीच घेऊन जाणार. यंत्रवाल्या बाई हसतील, हसू देत.

ताई


७ फेब्रुवारी

बारक्या,

काल वीजघर बघितलं. म्हातारं झालंय, पण ताठ आहे. इंजिनाच्या खोलीतलं इंजिन कधीच गेलं, चौथरा आहे आणि त्यात मनगटाएवढे बोल्ट. बॅटऱ्यांच्या खोलीत काचेच्या बरण्या ठेवायच्या लाकडी घोड्या अजून उभ्या आहेत. ॲसिडने जमिनीच्या फरश्या खाल्ल्या आहेत. भिंतींना मात्र तडा नाही. शोधून शोधून थकले.

पहारेकरी तोच आहे. आपल्याला फाटकातून आत सोडणारा, तेव्हा मिशा काळ्या होत्या तो. छावणी उठली, हा राहिला. म्हणाला, माणसं गेली तरी कुलपं आहेत ना, किल्ल्या कोणाकडे द्यायच्या?

यंत्र खांबासारखं आधी दोन्ही खोल्यांत, मग बाहेर उभं केलं, त्याने दरवेळी डोकं गरगरा फिरवलं आणि चहा थंड व्हायच्या आत इमारत मोजून झाली. बाईंनी पडदा माझ्यासमोर धरला. बाहेरची लांबी अठरा मीटर एक्केचाळीस.

मी म्हटलं, तुमचं यंत्र एक मीटर जास्त दाखवतंय. बाई शांतपणे म्हणाल्या, यंत्राला भाऊ नाही.

चेष्टेचा शब्द आहे असं मीच मागच्या पत्रात लिहिलं ना? काल तो माझ्या तोंडावर येऊन बसला.

मी टेप काढली. कोपऱ्यावर खिळा ठोकला, कडी अडकवली, टोकाशी पहारेकऱ्याला बसवलं आणि बजावलं की कडी खिळ्यावर आहे याची खात्री करून मोठ्याने पुकारायचं. त्याने फौजेत द्यावी तशी आरोळी दिली, शून्यावर. मी दुसऱ्या टोकाला जाऊन वाचलं. अठरा चाळीस. टोकं बदलून पुन्हा घेतलं. अठरा चाळीस.

म्हणजे तेव्हाही अठरा चाळीसच होतं, बारक्या. तू शून्यावरच धरलं होतंस.

पाहिलंस, किती सरळ लिहिलं. लिहायला वेळ लागला ते तुला दिसणार नाही. यंत्रवाल्या बाई भल्या आहेत, म्हणाल्या की नवा नकाशा आला की जुना कोण उघडून बघतो, आणि वीस तारखेला इमारतच जाणार आहे. खरं आहे. मी गप्प बसले तर कोणाला काही कळणार नाही.

पण मग ती मधली भिंत खरोखरच दीड मीटरची आहे. ती तशी का, हे कळल्याशिवाय मी ते काम हातावेगळं करणार नाही. भिंत फोडून बघायची परवानगी मागितली आहे.

पहारेकरी आणखी एक गोष्ट बोलला. ती नंतर लिहीन.

ताई


११ फेब्रुवारी

बारक्या,

आज मी भिंतीच्या आत जाऊन आले. वाचताना हसू नकोस, हे वय भिंतीत शिरायचं नाही हे मला कळतं.

परवानगी मिळाली. बॅटऱ्यांच्या बाजूने खाली विटा काढल्या, माणूस वाकून जाईल एवढ्या. पंचेचाळीस सेंटिमीटरची भिंत संपली आणि पुढे अंधार. बाईंनी आत विजेरी धरली. पंचावन्न सेंटिमीटर मोकळी जागा, आणि तिच्यापलीकडे आणखी एक भिंत. तीही पंचेचाळीसची. मिळव. एक मीटर पंचेचाळीस. माझी बावीस वर्षांपूर्वीची वजाबाकी सेंटिमीटरला सेंटिमीटर बरोबर होती, फक्त तिच्यावर माझाच विश्वास बसला नव्हता.

मग पहारेकऱ्याने कोडं सोडवलं. इंजिन चालू झालं की फाटकाशी उभ्या माणसाच्या पायांनाही कळायचं, म्हणाला. एवढ्या थरथरीत काचेच्या बरण्या शेजारच्या खोलीत टिकणार कशा? म्हणून गवंड्याने एक भिंत न बांधता दोन बांधल्या, एकमेकींना न शिवणाऱ्या. पाया वेगळा, छताचे वासे वेगळे. इंजिनाने आपल्या भिंतीपुरतं थरथरायचं, पलीकडच्या भिंतीला पत्ता लागायचा नाही. बाहेरून सगळं एका गिलाव्याखाली झाकलेलं.

मी आडवी होऊन आत सरकले, पोट आत घेऊन. पंचावन्नच का, ते तिथे उभी राहिल्यावर कळलं. बांधताना माणसाला आत उभं राहता यावं म्हणून. बांधकाम करताना विटा जोडायचा गारा खाली पडतो, साठतो आणि मधली फट भरत जाते, तसं झालं की दोन भिंती जोडल्या जातात आणि सगळी मेहनत वाया. या बहाद्दराने आत उतरून पडलेला गारा उचलला आहे. खाली एक ढेकूळ नाही, बारक्या, मी हाताने चाचपून बघितलं. आणि आतल्या तोंडांच्या, विटांमधल्या दरजासुद्धा नीट भरून घासलेल्या. जिथे कधी कोणाची नजर जाणार नव्हती, तिथे. मला त्याचं नाव माहीत नाही, पण त्या फटीत उभी असताना मला तो माझ्या माहेरचा माणूस वाटला.

आणि आपल्या दोघांचाही फार अभिमान वाटला. तेव्हा जुन्या टेपेने, एका सकाळीत, दोघांनी घेतलेलं माप आणि आजच्या यंत्राचं माप यांत फरक एका सेंटिमीटरचा. एका, बारक्या. यंत्रवाल्या बाईंना मी ते तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, कळलं.

तर असं आहे. तू शून्यावर धरलंस, मी बरोबर वाचलं, चुकलं कोणाचंच नाही. तू पुकारलंही असशील, मला ऐकू आलं नसेल. त्या दिवशी वारा होता.

ताई


१२ फेब्रुवारी

बारक्या,

वारा नव्हता.

पहारेकरी बोलला ती गोष्ट ही. मी कोण हे ओळखल्यावर तो म्हणाला, तुमचा भाऊ कुठे आहे? त्याचा आवाज फाटकापर्यंत यायचा, शून्यावर, शून्यावर. आम्ही गार्डरूममध्ये दिवसभर त्याची नक्कल करत होतो.

फाटकापर्यंत ऐकू गेलं, ते मला अठरा मीटरवर ऐकू आलं नाही असं मी काल लिहिलं. पाकीट टपालात टाकून घरी आले, आणि जेवण गेलं नाही.

मी ऐकलं होतं. समासात लिहिलंही होतं, पेन्सिलीने, छोटंसं गोल शून्य. घरी वजाबाकी केली, मधली भिंत दीड मीटर निघाली. पास देणारा अधिकारी तुला आठवत असेल. अर्ज बघून तुला म्हणाला होता, मोजणार कोण, या बाई? मी त्याला ऐकवून आले होते की नकाशा एका फेरीत देईन. परत पास मागायला गेले असते तर तो हसला असता. माझा पहिला शिक्का, आणि त्याचं ते हसणं. तेवढ्यात तो एक मीटर सुचला. तो वजा केला आणि सगळं इतकं सुबक जुळलं की मला ते खरंच वाटायला लागलं. फक्त समासातलं शून्य आड येत होतं.

तू चहा करायला आत गेला होतास. मी खोडरबर घेतला आणि ते शून्य खोडलं. बाबांच्या मोजवहीत. एवढंसं काम, तुझा चहा उकळायच्या आत झालं.

मग तू बाहेर आलास, परत मोजू म्हणालास, वही मागितलीस, आणि मी तुला तो कोरा समास दाखवला. तू भांडला असतास तर कदाचित मी सांगून टाकलं असतं. तू भांडला नाहीस. तू स्वतःच्या हाताकडे बघितलंस. आपण एकावर धरलं, पुकारायला विसरलो आणि आपल्याला आठवतही नाही, यावर तू विश्वास ठेवलास. कारण वही खोटं बोलत नाही असं आपल्याला बाबांनी शिकवलं होतं. तू धंदा रागाने सोडला नाहीस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी मी लोकांना सांगत आले की भाऊ तापट आहे.

माफी मागायला लिहीत नाही असं चार तारखेला ऐटीत लिहिलं होतं. माफ कर.

आता मोजवहीत ते शून्य परत लिहायचं आहे, आणि ते मला लिहिता येत नाही. जे पुकारलं जाईल तेच लिहायचं. वीस तारखेनंतर पुकारायला भिंतच राहणार नाही. अठराला सकाळी नऊ वाजता शेवटचं पडताळणीचं माप घेणार आहे. टोक धरायला माणूस हवा. पहारेकरी धरेल, तो शिकला आहे आता. पण हवा आहेस तू.

ताई


१५ फेब्रुवारी

बारक्या,

काल वर्गात सांगितलं. सगळं, खोडरबरासकट.

आधी स्टुलावर चढून नकाशा खाली उतरवला. प्राचार्य धावत आले, म्हणाले, बाई, राहू द्या, कोणाला कळतंय? मी म्हटलं, बरोबर बावीस वर्षं मीही हेच म्हणत होते. मग फळ्यावर दोन भिंती आणि मधली फट काढली. गवंड्याबद्दल सांगितलं, तुझ्याबद्दल सांगितलं. टोक कोणी धरलं होतं आणि काय पुकारलं होतं ते सांगितलं. त्या वर्गात मी इतकी वर्षं शिकवलं, पण माझं सगळ्यात चांगलं शिकवणं कालचं होतं, हे मी बढाई म्हणून नाही, माप म्हणून सांगते.

एका मुलीने विचारलं, मग 'भावाचा मीटर' या शब्दाचं काय करायचं? मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, बाईंचा मीटर. मी म्हटलं, चालेल. आज सकाळी व्हरांड्यात दोघं नकाशावर वाद घालत होते. एक म्हणाला, उत्तर फारच छान जुळतंय, बाईंचा मीटर तर नाही ना? मी न ऐकल्यासारखं करून पुढे गेले. छाती मात्र थोडी फुगली. चुकीच्या का होईना, पण कामाला येईल अशा ठिकाणी नाव लागलं.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. तुला न सांगता केला, तू रागावू नकोस. म्हणाली, आत्या, पत्र आलं की बाबा ते वाचतात आणि उठून रोपांना पाणी घालतात. या आठवड्यात इतकं पाणी घातलंय की अर्धी रोपं कुजायला आली आहेत, पत्रं जरा बेताने पाठव. मी हसले, मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी संस्थेतला कोणी शिकाऊ तुझ्याकडे रोपं घ्यायला आला होता. वाफे मोजताना त्याचा हिशेब चुकला आणि तो मित्राला म्हणाला, झाला बघ भावाचा मीटर. तू त्याला त्या शब्दाचा अर्थ विचारलास. त्याने माझी वर्गातली गोष्ट जशीच्या तशी सांगितली, आणि तू त्याच्याबरोबर हसलास.

अठराला नऊ वाजता. नाही आलास तरी मी समजेन. दहापर्यंत थांबेन मात्र.

ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

काल तू दुपारच्या बसने गेलास. समोर असताना माझ्या तोंडून काही निघालं नाही, तेव्हा हे शेवटी पत्रातच.

साडेनऊ झाले होते. पहारेकरी टोकाशी बसला होता, मी त्याला उगाच खिळा तपासायला लावत होते. तू फाटकातून आलास तेव्हा मी तुला आधी ओळखलं नाही, केस पांढरे केव्हा केलेस? त्याने मात्र ओळखलं. उठून उभा राहिला आणि टेपेचं टोक तुझ्या हातात दिलं, किल्ली सोपवावी तसं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. कडी बोटांत फिरवून बघितलीस. तूच बसवलेली, बावीस वर्षांत जराही ढिली न झालेली.

मग तू खाली बसलास, कडी खिळ्यावर अडकवलीस आणि पुकारलंस. छपरावरची कबुतरं उडाली. मी अठरा चाळीस वाचलं आणि समासात आजच्या तारखेखाली शून्य लिहिलं. शून्य गोल आलं.

तू चालत आलास, माझ्या मागोमाग बॅटऱ्यांच्या खोलीत शिरलास आणि जुनी मोजवही मागितलीस, तेव्हासारखीच, हात पुढे करून. मी ते पान काढून दिलं. तू ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरलंस. खोडलं होतं तिथे कागद पातळ झालाय, आणि पेन्सिलीचा दाब अजून त्यात आहे. गोल. तू त्यावरून अंगठा फिरवलास. यंत्रवाल्या बाई आणि पहारेकरी दोघंही बाहेर निघून गेले, शहाणी माणसं आहेत.

मी तुला ओरडताना ऐकायला तयार होते. तू म्हणालास, "बावीस वर्षं मी दोन रोपांतलं अंतरसुद्धा दोनदा मोजतो, ताई."

एवढंच. मी पेन उघडून त्या पानासमोर उभी राहिले. लिहिलं नाही. न पुकारलेलं मी पुन्हा लिहिणार नव्हते. तू बॅटऱ्यांच्या रिकाम्या घोड्यांकडे बघितलंस, मग मधल्या भिंतीकडे, तिच्यातल्या त्या भोकाकडे. जवळ जाऊन वाकून आत बघितलंस, दरजांवरून हात फिरवलास. परत आलास आणि माझ्या अगदी शेजारी उभा राहून, हळू आवाजात, पुकारलंस.

"शून्यावर."

मी लिहिलं. शाईने, खोडलेल्या जागेच्या शेजारी. खोडलेली जागा तशीच ठेवली, ती वाचता येते. खाली मी सही केली. तू पेन मागून घेतलंस आणि माझ्या सहीखाली तुझी केलीस. तुझी सही बदलली आहे, पण पहिलं अक्षर बाबांसारखंच काढतोस.

नवा नकाशा आज पूर्ण झाला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नकाशा आहे. मधल्या दोन्ही भिंती काढल्या आहेत, त्यांच्यातली फटही, आणि शेजारी गवंड्याबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत. खालच्या कोपऱ्यात दोन नावं आहेत. टोक धरणारा, तू. आकडा वाचणारी, मी. या क्रमाने. उद्या इमारत जाईल. मी बघायला जाणार आहे, पहारेकऱ्याला सोबत म्हणून. तो म्हणतो की आता किल्ल्या कुठे ठेवायच्या.

लेकीला सांग, आत्या पत्रं बेताने पाठवणार नाही. आणि या पार्सलात बाबांची टेप ठेवली आहे. माझं काम आता यंत्रावर चालेल, बाईंनी शिकवायचं कबूल केलं आहे. टेप पुसून, तेल लावून दिली आहे. तिची कडी शाबूत आहे. रोपं आता एकदाच मोज.

ताई